शिडीखालचा माणूस

बेस्टच्या दिवाबत्ती खात्यात एकतीस वर्षं
मी रस्त्यांचे खांब चढलो.
आता नायगावच्या वाचनालयात दर शनिवारी
चोवीस वर्षांची ऋजुता बागवे
मला उजेड शिकवते.
कॅमेरा भाच्याचा, जुना.
पट्टा माझ्या हत्यारांच्या पिशवीचा.

पहिल्याच दिवशी ती म्हणाली,
अ‍ॅपर्चर म्हणजे भिंगातलं भोक.
आकडा मोठा, तर भोक लहान.
आकडा लहान, तर भोक मोठं.
वर्ग गोंधळला. मला लगेच कळलं,
आमच्या खात्यातही हुद्दा जेवढा मोठा
तेवढा माणसातून उजेड कमी यायचा.

भोक मोठं ठेवून बायकोचा फोटो काढला,
गॅलरीत, वाटाणे सोलताना.
ती लख्ख. मागचं सगळं विरघळलेलं.
"माझा मोगरा कुठं गेला?" म्हणाली.
मग आकडा वाढवला.
मोगरा आला,
शेजारच्यांच्या वाळत घातलेल्या चड्ड्याही आल्या.

आयएसओ मला पटत नाही.
अंधारातून जबरदस्तीनं उजेड उपसायचा
आणि मग फोटोभर रवा सांडायचा.
त्यापेक्षा अंधार असू द्यावा. थोडा.

व्हाइट बॅलन्सला मात्र मी गप्प बसलो.
कॅमेऱ्याला म्हणे सांगावं लागतं, यातलं पांढरं कोणतं.
सोडियमच्या दिव्यांखाली मी अर्धी मुंबई पिवळी पाहिली:
रे रोडचे पिवळे हमाल, अँटॉप हिलची पिवळी नवरी,
पिवळा हवालदार, त्याचं पिवळं कुत्रं.
कुणी कधी विचारलं नाही.
मग एलईडी आले. आम्हीच लावले.
एका रात्रीत शिवडीची ती गल्ली
इस्पितळासारखी दिसू लागली,
आणि लोक खिडक्या लावून घेऊ लागले.

"शटर तीस सेकंद उघडं ठेवलं तर?" मी विचारलं.
"मग हातात धरून चालत नाही, काका.
खाली न हलणारं काहीतरी लागतं."

मला घाग आठवला.

सावळाराम घाग. एकोणीस वर्षं त्यानं माझी शिडी धरली.
वरून मला दिसायचा तो त्याचा भांग,
मग रुंदावत गेलेला भांग,
मग टक्कल.
समोरून तोंड कसं आहे त्याचं, असं कुणी विचारलं असतं
तर मी अडखळलो असतो.

परवा रात्री साडेअकराला त्याला माझगावात बोलावला,
डोंगरामागच्या रस्त्यावर.
डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू नुकताच काढलेला,
रात्रीसुद्धा हिरवा चष्मा.
"काय करू?"
"खांब धर."
"का, पडतोय?"
"नाही. शिडी समजून धर."

त्यानं धरला. पाय फाकवून, मान खाली, तसाच.
मी शटर उघडलं. वीस मोजले.
मग धावत जाऊन खांबापुढे उभा राहिलो.
मधे एक टेम्पो गेला, दोन कुत्री,
आणि फोनवर कुणाला तरी झापत चाललेली एक बाई.

पडद्यावर फोटो उमटला.
टेम्पोची नुसती लाल रेघ.
कुत्री नाहीत. बाई नाही, तिचं भांडण नाही.
घाग मात्र नखांसकट स्पष्ट,
जणू खात्यानं खांबाबरोबरच पुरला होता.
त्याच्या शेजारी मी, उदबत्तीच्या धुराएवढा.
माझ्या छातीतून खांबाचा नंबर वाचता येत होता.

घागनं चष्मा कपाळावर सरकवला,
कॅमेरा नाकाला लागेल इतका जवळ नेला.
"हा मी. तू कुठंयस?"

आणि सवयीनं
आम्ही दोघांनीही वर पाहिलं.